वाळवंटातील घर, विंचू आणि कोळी : टक्सनला जाण्यापूर्वी माहिती हवी आहे

सोनचाफा_पुणे

नमस्कार. माझी मुलगी, जावई आणि नऊ महिन्यांची नात नुकतीच अॅरिझोना राज्यातील टक्सन शहरात स्वतःच्या घरात राहायला गेली आहेत. घर शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि मागच्या अंगणाची भिंत ओलांडली की थेट निवडुंगांचे सोनोरन वाळवंट सुरू होते. आम्ही दोघे जूनअखेर कोथरूडहून तिकडे जाणार असून तिथला पावसाळा संपेपर्यंत राहणार आहोत. मुलीची रजा संपत असल्यामुळे दिवसभर नात आमच्याकडेच असेल, आणि ती आता रांगू लागली आहे.

शेजाऱ्यांनी पहिल्याच भेटीत मुलीला अतिनील प्रकाशाची विजेरी आणून दिली आणि रात्री कुंपणाची भिंत पाहून घेण्यास सांगितले. त्या प्रकाशात भिंतीवर हिरवट चमकणारे बरेच विंचू दिसले. पुढे एक विंचू न्हाणीघरातील टबात सापडला. गॅरेजच्या कोपऱ्यात काळी, चकचकीत कोळीण जाळे करून राहिली आहे, आणि रात्री दिवाणखान्याच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी धावताना दिसतो. मुलगी धीराची आहे, तरी बाळामुळे तिची झोप उडाली आहे.

यांपैकी कोणापासून खरोखर सावध राहावे आणि कोणाला घरात राहू द्यावे, हे मला समजून घ्यायचे आहे. रांगणाऱ्या मुलासाठी घराची कोणती तयारी करावी? दरमहा कीटकनाशकाची फवारणी करून घ्यावी असे तिला सुचवले जात आहे, परंतु ज्या फरशीवर हात टेकून बाळ तोच हात तोंडात घालते, तिथे औषध मारायला तिचे मन धजावत नाही. शेवटचा प्रश्न औषधाचा आहे. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी, कोकणात विंचूदंशावर देतात त्या प्राझोसिनच्या गोळ्या बरोबर न्याव्यात असे आग्रहाने सांगितले आहे. तसे करावे का? ज्यांनी वाळवंटात संसार केला आहे किंवा ज्यांना या प्राण्यांची माहिती आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

बाणेरकर

ताई, माझा धाकटा भाऊ फीनिक्सजवळ राहतो आणि त्याने फवारणीचा वार्षिक करार केला आहे. माझे मत स्पष्ट आहे. बाळ घरात असताना एकही विंचू जिवंत ठेवण्याचे कारण नाही. औषध वाळेपर्यंत बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि निर्धास्त राहावे. बाकीचे उपाय काही आठवडे उत्साहाने चालतात आणि मग मागे पडतात. करार केला की माणसे ठरल्या दिवशी येऊन काम करून जातात.

सग्वारो

सोनचाफाताई, आम्ही अनेक वर्षे टक्सनमध्ये राहून आता सिंहगड रस्त्याला परतलो आहोत. आमची दोन्ही मुले तिथल्याच घरात रांगली, त्यामुळे तुमच्या मुलीची काळजी मी पूर्णपणे समजू शकतो.

तिथे विंचवांच्या अनेक जाती आहेत, पण घरातील माणसांच्या दृष्टीने महत्त्वाची जात एकच : झाडांच्या सालींत राहणारा ‘बार्क स्कॉर्पियन’, म्हणजे सेंट्रुरॉइडिस स्कल्प्टुरेटस. तो ५ ते ७ सेंटिमीटर लांब, वाळलेल्या गवताच्या रंगाचा असतो, आणि त्याचे चिमटे व शेपटी दोन्ही बारीक असतात. विसावलेला असताना तो शेपटी पाठीवर उभारण्याऐवजी एका कुशीला आडवी वळवून ठेवतो. त्याची सर्वांत उपयोगी ओळख त्याच्या चालीत आहे. तो खडबडीत भिंत चढतो, छताला उलटा चालतो आणि कोणत्याही वस्तूच्या खालच्या बाजूला चिकटून राहणे पसंत करतो. वाळवंटातील सर्वांत मोठा केसाळ विंचू, जो १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, किंवा पट्टेरी शेपटीचा विंचू, हे जमिनीवर आणि बिळांत राहणारे आहेत आणि त्यांचा दंश सहसा गांधीलमाशीच्या दंशापलीकडे जात नाही. म्हणून भिंतीवर किंवा छतावर विंचू दिसला, तर तो बार्क स्कॉर्पियन आहे असेच धरून चालावे. याच सवयीमुळे तिथे अनेक दंश बोटांना होतात. माणूस फळी, कुंडी किंवा दगड उचलतो, तेव्हा बोटे वस्तूच्या खाली जातात आणि विंचू नेमका तिथेच असतो.

बाणेरकर, फवारणीविषयी माझा अनुभव वेगळा आहे आणि त्याची कारणे विंचवाच्या जगण्यातच आहेत. तो दिवसभर फटीत असतो, जिथे फवारा पोहोचत नाही. तिथल्या कुंपणाच्या भिंती काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांच्या असतात आणि त्या पोकळ्यांमध्ये, विशेषतः थंडीत, विंचू एकत्र गोळा होऊन राहतात. बाहेर पडला तरी औषध मारलेल्या पृष्ठभागाला त्याच्या पायांची टोके तेवढी टेकतात. शरीराचा खर्चच इतका कमी आहे की तो कित्येक महिने अन्नावाचून काढू शकतो. झुरळे आणि रातकिडे मारण्यासाठी फवारणी उपयोगी पडते, आणि भक्ष्य कमी झाले की विंचूही हळूहळू कमी येतात, एवढे मी मान्य करतो; परंतु आज रात्री दाराखालून आत येणारा विंचू त्यामुळे थांबत नाही. तो थांबतो फट बुजवल्याने.

फट किती लहान असावी? सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे बँकेची दोन कार्डे एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी जागा त्याला पुरते. भर दिवसा खोलीतील दिवे बंद करून आतून दारांकडे पाहावे. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून विंचू येऊ शकतो. दाराच्या तळाला रबराची पट्टी लावावी, आणि ती दोन्ही टोकांना चौकटीला टेकते आहे हे पाहावे, कारण कोपऱ्यातली मोकळी जागाच बहुधा राहून जाते. ओट्याखाली आणि न्हाणीघरात जिथून नळ भिंतीत शिरतात त्या भोवतालच्या जागा, विजेच्या बटणांच्या पाट्यांमागील पोकळ्या, छतातील पंख्याची आणि हवा बाहेर टाकणाऱ्या झरोक्याची कड, खिडक्यांच्या जाळ्यांचे कोपरे, या सर्वांना सिलिकॉन किंवा बारीक जाळी लावावी. एक अपवाद लक्षात असू द्या. तिथल्या घरांच्या बाहेरच्या गिलाव्याच्या तळाशी पाणी झिरपून जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली फट असते. ती सिलिकॉनने बंद केल्यास भिंतीत ओल साठते. तिथे काय करायचे ते जाणकार कारागिराला विचारूनच ठरवावे.

अंगणाकडेही तितकेच लक्ष हवे. लाकडांची रास, रिकाम्या कुंड्या, सजावटीचे दगड आणि पुठ्ठ्याची खोकी घराच्या भिंतीला लागून नसावीत. छताला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. ठिबकणारा नळ किंवा पाण्यावर चालणारा छतावरचा कूलर असल्यास तिथली ओल किड्यांना बोलावते आणि किड्यांमागे विंचू येतात.

टबातील विंचवाचे कारण समजले तर बाळाच्या पाळण्याचा प्रश्नही सुटतो. गुळगुळीत पृष्ठभागावर त्याची नखे धरत नाहीत. ओलाव्याच्या शोधात आलेला विंचू टबात उतरतो किंवा पडतो आणि मग त्याला वर चढता येत नाही. म्हणून तिथे पाळण्याचे पाय रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत ठेवण्याची पद्धत आहे. बरण्या स्वच्छ पुसलेल्या असाव्यात, कारण धूळ बसली की पकड मिळते. पाळणा भिंतीपासून हातभर दूर असावा आणि चादर, मच्छरदाणी किंवा पडदा यांपैकी काहीही जमिनीला टेकू नये. एका बाजूने लोंबणारी दुपट्याची कड बाकीची सगळी तयारी निष्फळ करते.

आपल्या काही सवयी मात्र तिथे बदलाव्या लागतील. जमिनीवर गादी घालून झोपणे, चपला दाराबाहेर काढणे, वाळलेले कपडे पलंगावर ढीग करून ठेवणे, रात्री अंधारात अनवाणी स्वयंपाकघरात जाणे, हे सर्व पुण्यात सहज चालते, तिथे नाही. चपला घरात, उंच कप्प्यात ठेवाव्यात आणि झटकून घालाव्यात. बाळाला खाली सोडण्यापूर्वी सतरंजी उचलून तिची खालची बाजू पाहावी. खेळणी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावीत.

अष्टपाद

सग्वारो यांनी विंचवांबद्दल उत्तम लिहिले आहे. मी कोळ्यांबद्दल लिहितो. वेताळ टेकडीपासून आमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत कोळी पाहण्यात माझा बराच वेळ जातो आणि त्यांच्यावर होणारा अन्याय मला मनापासून खटकतो.

ताई, गॅरेजमधील काळी कोळीण बहुधा पश्चिमेकडील ‘ब्लॅक विडो’, म्हणजे लॅट्रोडेक्टस हेस्पेरस आहे. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला वाळूच्या घड्याळाच्या आकाराची लाल खूण असते. ती उलटी लटकते, त्यामुळे खूण सहज दिसते. जाळे जमिनीलगत, वेडेवाकडे आणि असाधारण मजबूत असते. काडीने ओढल्यास धागे तुटताना कडकड असा आवाज ऐकू येतो. विष तीव्र आहे. दंशानंतर पोटाचे आणि पाठीचे स्नायू आखडतात, घाम फुटतो, रक्तदाब वाढतो. मात्र ती स्वभावाने बुजरी आहे, जाळे सोडून माणसाच्या मागे येत नाही आणि बहुतेक दंश तिच्यावर हात पडल्याने होतात. घरात बाळ असताना तिला गॅरेजमध्ये ठेवावे असे मीही म्हणणार नाही. लांब दांड्याच्या झाडूने ती, जाळे आणि असल्यास अंड्यांची गोल पिशवी काढून टाकावी. बागेतील खुर्च्यांच्या बैठकीखाली, पाण्याच्या नळीच्या गुंडाळीत आणि झाडांना पाणी देण्याच्या झडपांच्या पेटीत हात घालण्यापूर्वी नेहमी पाहावे.

दिवाणखान्याच्या भिंतीवर धावणारा मोठा कोळी निराळा आहे. वर्णनावरून तो तिथला चपटा, लांब पायांचा ‘जायंट क्रॅब स्पायडर’ असावा. आपल्याकडे जुन्या वाड्यांत, आणि आता फ्लॅटमध्येही, रात्री भिंतीवर दिसणारा तपकिरी मोठा कोळी त्याच कुळातील आहे. त्याची मादी पांढरी चपटी अंडपिशवी छातीखाली धरून फिरते. हे कोळी जाळे विणत नाहीत. रात्रभर फिरून झुरळे खातात. त्यांना डबा आणि कागद वापरून बाहेर सोडले तरी चालेल, राहू दिले तरी चालेल. फवारणीने पहिला बळी यांचाच जातो, आणि ज्या झुरळांवर विंचू जगतो ती खाणारा एक प्राणी घरातून कमी होतो, याकडे बाणेरकरांनी कृपया लक्ष द्यावे.

तुम्ही नेमक्या पावसाळ्यात जात आहात. तिथला मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर असा मोजला जातो आणि वर्षभराच्या पावसापैकी साधारण निम्मा पाऊस याच काळात पडतो. त्या दिवसांत संध्याकाळी रस्त्यावर मोठे केसाळ टॅरंटुला चालताना दिसतील. ते प्रौढ नर असतात आणि माद्यांची बिळे शोधत हिंडतात. मादी मात्र त्याच बिळात वीस वर्षांहून अधिक काळ जगते. त्यांचा दंश गंभीर नसतो, परंतु डिवचल्यास ते पोटावरचे केस पायाने उडवतात आणि ते डोळ्यांत गेल्यास फार त्रास होतो, म्हणून बाळाला जवळ नेऊ नये. उजेडाखाली वेगाने धावणारा फिकट, मोठ्या जबड्यांचा ‘सन स्पायडर’ कोळीही नाही आणि विंचूही नाही. त्याच्याकडे विषच नसते.

एक गोष्ट मात्र मनावर घेण्यासारखी आहे. ‘अॅरिझोना ब्राऊन स्पायडर’ नावाचा छोटा तपकिरी कोळी वाळवंटातील उंदरांच्या घरट्यांत आणि मेलेल्या निवडुंगांच्या सांगाड्यांत राहतो. त्याच्या दंशाने क्वचित त्वचा झडून जखम होते. सग्वारो किंवा चोया निवडुंगाचे वाळलेले जाळीदार लाकूड फार सुंदर दिसते आणि नवीन आलेली मंडळी ते शोभेसाठी घरात आणतात. तुमच्या मुलीने ते आणू नये.

विंचवांसाठी एक ढोबळ नियम सांगितला जातो : चिमटे जाड व शेपटी बारीक असेल तर विष सौम्य, आणि चिमटे बारीक व शेपटी जाड असेल तर विष जहाल. आपल्या टेकड्यांवरील काळी मोठी इंगळी पहिल्या प्रकारात बसते. बार्क स्कॉर्पियनची शेपटीही बारीक असल्यामुळे नियमाचा शेपटीचा भाग त्याच्या बाबतीत चुकतो. तिथे चिमटेच पाहावेत.

सोनचाफा_पुणे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काचेच्या बरण्यांचे मुलीला आजच कळवले. पण प्राझोसिनचा प्रश्न तसाच राहिला आहे. इथे कोणी डॉक्टर असतील तर कृपया सांगावे. आमच्या ओळखीच्या अलिबागच्या एका कुटुंबातील मुलगा त्याच गोळ्यांनी वाचला होता, त्यामुळे त्या गृहस्थांचा आग्रह निराधार आहे असेही वाटत नाही.

गावाकडचा_डॉक्टर

सोनचाफाताई, रायगड जिल्ह्यात काम करून मी आता पुण्यात व्यवसाय करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गोळ्या नेऊ नयेत आणि बाळाला तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. कारण समजावून सांगतो, कारण हा गैरसमज जीवावर बेतू शकतो.

आपल्याकडचा तांबडा विंचू, हॉटेन्टोटा टॅम्युलस, कोकणात फार आहे आणि पुणे, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतही आढळतो. त्याचे विष शरीरातील स्वायत्त चेतासंस्थेला, म्हणजे हृदय, घाम, लाळ अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या यंत्रणेला, भडकवते. आरंभी उलट्या, दरदरून घाम, लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी व रक्तदाब चढतो आणि अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांच्या लोंढ्यामुळे हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या लक्षणांचा क्रम बारकाईने टिपला. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८६ मध्ये त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्राझोसिनच्या वापराबद्दल त्याच नियतकालिकात लिहिले. प्राझोसिन रक्तवाहिन्यांचे आकुंचन सोडवते, त्यामुळे हृदयावरचा भार उतरतो. या एका स्वस्त गोळीने कोकणातील मृत्यू किती कमी झाले, हे ज्यांनी त्यापूर्वीचे वॉर्ड पाहिले त्यांनाच नीट कळेल. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या महाडच्या चाचणीत प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, तर केवळ प्राझोसिन घेतलेल्यांना जवळपास १८ तास लागले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण भागातून जगाला दिलेले हे ज्ञान आहे आणि मला त्याचा अतिशय अभिमान वाटतो.

परंतु ते ज्ञान या विंचवाचे आहे. अॅरिझोनातील विंचवाचे विषही चेतातंतूंमधील सोडियमच्या मार्गांवरच काम करते, पण तिथे परिणाम प्रामुख्याने डोळे, जीभ, घसा आणि हातापायांच्या स्नायूंवर दिसतो. अशा बाळाला रक्तदाब उतरवणारी गोळी दिल्यास मूळ त्रास कमी होणार नाही आणि वर एक नवा धोका निर्माण होईल. त्याशिवाय विषाने जिभेवरचा ताबा गेलेल्या मुलाला तोंडाने काहीही देणे, साधे पाणीसुद्धा, श्वासनलिकेत जाण्याच्या भीतीने टाळायचे असते.

आपण दोघांनी लक्षणे पाठ करून ठेवावीत, कारण दिवसा बाळाजवळ आपणच असणार आहात. दंशाच्या जागी सूज किंवा लाली अनेकदा नसतेच. त्या जागी हलके टिचकी मारल्यास वेदना एकदम वाढते. बोलता न येणाऱ्या मुलात पहिली खूण म्हणजे अचानक, कशानेही न थांबणारे रडणे. त्यानंतर बुबुळे दिशाहीन फिरू लागतात, जिभेची थरथर होते, लाळ गळते, हातपाय झटके देतात आणि श्वासात घरघर येते. हे आकडीसारखे दिसते, पण मूल शुद्धीवर असते. असे काही दिसताच ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. मुलगी किंवा जावई कार्यालयातून येईपर्यंत थांबू नये. विंचू शोधत बसण्यातही वेळ घालवू नये.

प्रौढांचे वेगळे आहे. निरोगी प्रौढाला बहुतेक वेळा वेदना आणि मुंग्या येतात, बधिरपणा एक ते तीन दिवस राहतो आणि रुग्णालयाची गरज पडत नाही. जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी आणि साधे वेदनाशामक घ्यावे. मात्र लगेच अमेरिकेतील विषविषयक मदत केंद्राला १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे, दुभाषाही मिळतो. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, रक्त शोषून काढणे यांतले काहीही करू नये.

गंभीर दंशावर तिथे उत्तम प्रतिविष आहे. टक्सनमध्येच झालेल्या आणि २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांच्या आत लक्षणमुक्त झाली, ते न मिळालेल्या सात मुलांपैकी एकच त्या अवधीत बरे झाले. मेक्सिकोत तयार होणाऱ्या या ‘अॅनास्कॉर्प’ला अमेरिकेची मान्यता ऑगस्ट २०११ मध्ये मिळाली.

याची दुसरी बाजूही नोंदवतो. अॅरिझोनात राहून आलेली मंडळी इथे भोर किंवा मुळशीच्या शेतघरावर तांबड्या विंचवाचा दंश झाल्यावर ‘प्रौढांना काही होत नाही, घरीच थांबू’ असे म्हणतात. इथे ते चालणार नाही. उलटी, घाम आणि हातपाय गार पडणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी प्रौढालासुद्धा तातडीने रुग्णालयात न्यावे.

मरुस्थली

मी मूळची पुण्याची, पण यजमानांच्या नोकरीमुळे जैसलमेर भागात बराच काळ राहिले. तिथली घरे पिवळ्या दगडाची आणि जुन्या भिंतींतल्या फटी कधी संपत नसत, त्यामुळे सग्वारो यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व फटी बुजवणे आम्हांला शक्यच नव्हते. आम्ही झोपण्याची जागा तेवढी सुरक्षित केली. खाट भिंतीपासून दूर, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली, आणि मुलांना झोपवण्यापूर्वी पांघरूण झटकणे. पहिल्या पावसानंतरच्या रात्री विशेष जपावे लागे, कारण पाणी बिळांत शिरले की सगळेच बाहेर येतात. तिथल्या आजीबाई सरपणाच्या राशीत हात घालण्याआधी काठी आपटत असत. ती सवय मला इतकी लागली की पुण्यातही मी अडगळीची खोली तशीच उघडते.

दुसरे म्हणजे, रुग्णालय कोणते, तिथे प्रतिविष आहे का आणि गाडी कोण चालवणार, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते. सोनचाफाताईंनीही मुलीला जवळच्या रुग्णालयांत आत्ताच फोन करून चौकशी करायला सांगावे.

बाणेरकर

डॉक्टरांचा प्रतिसाद भावाला पाठवला. तो म्हणाला की फवारणी चालू असूनही त्याच्या घरात अधूनमधून विंचू निघतो, म्हणून आता तो दारांच्या पट्ट्या बदलून घेणार आहे. तरीही माझा आग्रह असा राहील की घराच्या बाहेरच्या बाजूने, पायाच्या कडेने फवारणी चालू असावी. झुरळे वाढू देणे शहाणपणाचे नाही. सग्वारो, रात्री विजेरीने शोधताना काय काळजी घ्यावी, हे तुम्ही लिहिले नाही. भावालाही ते हवे आहे.

सग्वारो

बाणेरकर, बाहेरच्या बाजूला आणि मोजकी फवारणी असेल तर माझा विरोध नाही. बाळ रांगते त्या खोल्यांत ती नको.

विजेरीचे सांगतो. विंचवाच्या कवचातील काही द्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर-हिरवी चमकतात आणि अंधाऱ्या रात्री ती काही मीटरांवरून दिसतात. सूर्यास्तानंतर तासा-दोन तासांनी, उबदार रात्री शोधावे. पायांत बंद बूट, हातात जाड मोजे आणि लांब चिमटा असावा. भिंतीची वरची कड, झाडांची खोडे, दारांच्या चौकटी आणि पाण्याचा मीटर आधी पाहावा. सापडलेला विंचू झाकणाच्या बरणीत टाकावा. आठवड्यातून काही रात्री सातत्याने असे केल्यास अंगणातील संख्या उन्हाळ्याच्या अखेरीस ठळकपणे कमी होते. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, आणि मादीच्या पाठीवरची पिल्लेही पहिली कात टाकेपर्यंत फारशी चमकत नाहीत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, तेव्हा घरात सापडलेल्या मादीची पाठ नीट पाहावी आणि पिल्ले दिसल्यास ती उधळू न देता तिच्यावर बरणी पालथी घालावी.

घराभोवती विंचू खाणारे प्राणीही आहेत, त्यांना हाकलू नये. घुबडे खातात, वटवाघळे खातात. ‘ग्रासहॉपर माऊस’ नावाचा एक छोटा उंदीर तर बार्क स्कॉर्पियनला बेधडक खातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या चेतातंतूंमध्ये ते विष वेदना जागवण्याऐवजी ती दाबून टाकते. मला ही गोष्ट अजूनही अद्भुत वाटते.

सोनचाफाताई, विम्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. तिथे प्रतिविषाच्या एका उपचाराचे बिल हजारो डॉलरांत जाते. नात मुलीच्या विम्यात असेलच, पण तुम्हा दोघांच्या प्रवासविम्यात आपत्कालीन उपचारांची मर्यादा किती आहे आणि आधीच्या आजारांबाबत काय अटी आहेत, हे निघण्यापूर्वी वाचून घ्यावे. विमा तुटपुंजा आहे म्हणून रुग्णालयात जाणे लांबवण्याची वेळ येऊ नये.

सोनचाफा_पुणे

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिले, त्यासाठी मी ऋणी आहे. गोळ्यांचा विषय आमच्याकडून बंद झाला आहे आणि विम्याची मर्यादा वाढवून घेत आहोत. मुलीने दोन रुग्णालयांत चौकशी केली. एकाकडे प्रतिविष असल्याचे सांगण्यात आले, तिथला रस्ता जावई आम्हांला पहिल्याच रविवारी दाखवणार आहे. यजमानांचा एक प्रश्न आहे : परत येताना सामानातून विंचू पुण्यात येण्याची शक्यता असते का?

सग्वारो

शक्यता कमी असते, पण असते. विंचू सामानातून आणि फळाफुलांच्या खोक्यांतून दूरवर गेल्याच्या नोंदी आहेत. बॅगा गॅरेजमध्ये ठेवू नयेत. संपूर्ण मुक्कामात त्या घरात, जमिनीपासून वर आणि चेन बंद करून ठेवाव्यात. भरण्यापूर्वी रिकामी बॅग रात्री दिवे मालवून विजेरीने आतून-बाहेरून तपासावी, विशेषतः चाकांच्या खोबणी आणि बाहेरचे कप्पे. बूट शेवटी, झटकून आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. पुण्याला पोहोचल्यावर बॅगा पलंगावर उघडू नका. न्हाणीघरात, गुळगुळीत फरशीवर उघडा आणि त्या वेळी विजेरी हाताशी असू द्या.